लांब पल्ल्याची फुलं

आमच्या गल्लीत कुणाला खोटं बोलायचं असलं, की तो आधी कंडक्टरबाई कुठे आहेत ते बघून घेतो. बाईंनी तीस-एक वर्षं शहराच्या बसमध्ये, आणि त्यातही बहुतेक काळ एकाच मार्गावर, तिकिटं फाडली. निवृत्त झाल्या, गणवेश ट्रंकेत गेला, पण नजर काही ट्रंकेत मावली नाही. त्या नजरेमागे एक शास्त्र आहे आणि ते बाई कुणालाही फुकट शिकवतात. ज्याच्याकडे तिकीट असतं तो माणूस कंडक्टरकडे बघतो, मोबाइलकडे बघतो, नाहीतर शेजारच्याच्या पेपरात डोकं घालतो. ज्याच्याकडे नसतं, त्याला अचानक निसर्गाची ओढ लागते. तो खिडकीबाहेर बघायला लागतो.

"आभाळ बघणारा दिसला, की मी पहिली त्याच्याकडे जायची," बाई सांगतात. "आभाळात काय आहे हो एवढं? भाडं चुकवायचं आहे, दुसरं काय!"

दुसरी सवय घंटीची. दोरी ओढून ओढून बोटांना जी खोड लागली ती घरात आली. ओट्यावर, दारावर, नवऱ्याच्या ताटावर, जे हाताशी असेल त्यावर बाई टिचकी मारतात. एक टिचकी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. नवरा बिचारा ह्या खुणांवर पंचवीस वर्षं संसार करतोय आणि एकदाही चुकीच्या थांब्यावर उतरलेला नाही. तो कोपऱ्यावरचा सलूनवाला. मी त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि ह्या गोष्टीतलं जे मी माझ्या गॅलरीतून पाहिलं नाही ते त्याच्या खुर्चीत बसून ऐकलेलं आहे. गळ्यावर वस्तरा असला की माणूस फार चांगला श्रोता होतो.

तर ह्या दोघांचं घर म्हणजे अर्धं घर. उरलेलं अर्धं धाकट्या भावाचं. सासऱ्यांनी जाताना भिंत घालून दोन्ही मुलांना सारखा वाटा दिला, फक्त पुढच्या अंगणावर रेघ ओढली नाही. "ते दोघांचं," एवढं बोलून ते गेले. म्हणजे भांडण तेवढं सामाईक ठेवून गेले. वर्षानुवर्षं त्या अंगणात सलूनची मोडकी खुर्ची, दोन टायर आणि कपडे वाळत घालायची तार सुखानं नांदत होती. बाई निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी पदर खोचला, खुर्ची आणि टायर भिंतीकडे ओढले आणि कुदळ घातली.

आतून धाकटा आला. धाकटा टेम्पो चालवतो. माणूस वाईट नाही, पण टेम्पो रस्त्यावर उभा राहतो आणि रस्ता वाईट आहे. दोनदा आरसे गेले होते, एकदा बॅटरी.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"झाडं लावतेय."

"इथं मी काँक्रीट घालणार आहे. टेम्पो आत घ्यायचाय."

"मग आधी नाही बोललात ते?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

ह्यावर सलूनवाले दारात येऊन उभे राहिले. एकीकडे सख्खा भाऊ, दुसरीकडे बायको. असा माणूस दारातच उभा राहतो. त्याला आत जागा नसते आणि बाहेर जायची सोय नसते.

"अहो, सांगा ना तुमच्या भावाला!" बाई म्हणाल्या.

"अरे, हिला जरा..." सलूनवाले भावाला म्हणाले.

"दादा, माझं पोट त्या गाडीवर आहे," धाकटा म्हणाला. "फुलांवर कुणाचं पोट आहे इथं?"

तेव्हा बाई जे बोलल्या ते मी माझ्या गॅलरीत स्वच्छ ऐकलं, आणि कबूल करायला हरकत नाही, हातातला चहा तसाच निवला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आयुष्यभर मी हलत्या जमिनीवर उभी राहिले. आजसुद्धा ओट्यापाशी पाय फाकून उभी राहते, पडेन म्हणून. मला एक तुकडा असा हवाय की ज्याच्यावर मी उभी राहीन आणि तो कुठेही जाणार नाही. तुमचं चाक त्यावर आलं की तो पुन्हा रस्ता झाला."

धाकटा आत निघून गेला. पण आत जाणं म्हणजे ऐकणं नव्हे. रात्री जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं असं त्याच्या बायकोनं अंगणातल्या नळावर सांगितलं.

निकाल लावला आत्याबाईंनी. ह्या दोघा भावांची आत्या मागच्या खोलीत राहते. दात एकही नाही, पण बोलणं चावरं. तिचा शब्द सासऱ्यांच्या वेळेपासून शेवटचा.

"फूल कुणाला आवडत नाही?" आत्याबाई म्हणाल्या. "पण चार दिवस फुलं आणि मग वर्षभर काटक्या, असं असेल तर टेम्पो काय वाईट? एक वर्ष देते. रोज सकाळी मी पायरीवर तोंड धुवायला येते. माझी शेवटची चूळ भरून होईपर्यंत मला ह्या अंगणात एक फूल दिसलं पाहिजे. रोज. ज्या दिवशी नाही दिसलं, त्या दिवशी घाल बाबा तुझं सिमेंट."

"कुंडी आणून ठेवतील," धाकटा म्हणाला. "कुंडी चालणार नाही. मुळं जमिनीत पाहिजेत."

"नाही चालणार कुंडी. आणि कळी पण नाही, सुकलेलं पण नाही. उमललेलं फूल."

बाईंनी कुदळीच्या दांड्यावर दोन टिचक्या मारल्या. ठरलं.

आता फुलं निवडायची. तुम्ही-आम्ही असतो तर कुणाला तरी विचारलं असतं. बाईंना विचारायची गरजच वाटली नाही, कारण त्यांच्या मते त्यांनी तीस वर्षं हेच तर पाहिलं होतं. एकच मार्ग, तीच कुंपणं, रोज आठ फेऱ्या. कुठल्या घरापुढे कडक उन्हात तगर पांढरी फटफटीत असते, पाण्याच्या टाकीजवळच्या जास्वंदीला थंडीतही दोन-चार फुलं कशी असतात, कुणाचा गुलाब आठ दिवस मिरवून सहा महिने तोंड फुगवून बसतो, सगळं पाठ. त्यांनी फुलांचे दोनच वर्ग केले होते: पुढच्या थांब्यावर उतरणारी आणि लांब पल्ल्याची.

रोपवाटिकेत त्या गेल्या तेव्हा सलूनवाल्यांना पिशव्या धरायला बरोबर नेलं होतं. रोपवाटिकावाल्यानं नेहमीप्रमाणे फुललेली रोपं पुढे केली.

"हा झेंडू बघा ताई, कसा भरलाय!"

"कुठवर जाणार?"

"जाणार म्हणजे?"

"फुलतो कुठवर? वर्षभर?"

"वर्षभर कसा फुलेल? हंगाम संपला की संपला."

"मग उतरवा त्याला. शेवंती पण नको. ती गुलबक्षी पण नको, ती संध्याकाळी उघडते. मला पहिल्या पाळीची पाहिजेत, सकाळी हजर असणारी."

अशी त्यांनी जास्वंद घेतली. तिचं एकेक फूल एका दिवसाचं, पण रोज नवी फेरी. तगर घेतली, अबोली घेतली, लाल एक्झोरा घेतला, कर्दळीचे कंद घेतले. इथवर रोपवाटिकावाला मान डोलावत होता. मग त्यानं सदाफुली पुढे केली. म्हणाला, "बारमाही पाहिजे ना? हिच्यासारखी दुसरी नाही."

बाईंनी नाक मुरडलं. "ती? ती प्रत्येक थांब्यावर उभी असते. फुटपाथच्या फटीत, गटाराच्या काठाला. फुकटी मेली! कुणी लावलेली नसते, कुणी पाणी घालत नाही, तरी दात काढून उभी. माझ्या गाडीत नको."

"बरं," तो म्हणाला, "मग पुढच्या रांगेला काय?"

पुढच्या रांगेसाठी तर बाई आल्याच होत्या. त्यांच्या मार्गावर एका दंतवैद्याचा बंगला होता. त्याच्या फाटकापाशी एक जांभळा वाफा. बस तिथं वळणावर जरा हळू व्हायची, आणि ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, तो वाफा जांभळाच. त्याच जांभळ्या फुलाची रोपं कोपऱ्यात ठेवलेली त्यांना दिसली.

"ही द्या. निम्मा वाफा हिचाच करायचा."

"ताई, ही पिटुनिया. हंगामी आहे."

"अहो, मी वर्षानुवर्षं बघतेय. बारा महिने फुलते."

"नाही हो ताई."

"मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही काय बसमध्ये होता?"

रोपवाटिकावाल्यानं सलूनवाल्यांकडे बघितलं. सलूनवाल्यांनी, अनुभवी माणूस, पिशवी उघडून धरली.

सुरुवातीचे महिने दृष्ट लागावी असे गेले. रोज सकाळी आत्याबाई तांब्या घेऊन पायरीवर यायच्या, चूळ भरायच्या, पचकन थुंकायच्या आणि म्हणायच्या, "आहे." एवढाच शब्द. मग बाईंचा खांदा खाली यायचा. कारण त्या आधी तासभर उठून उभ्या असत, आणि त्यांच्याही आधी उठून उभा असे धाकटा. हो, धाकटा! एरवी टेम्पोचं भाडं असलं तरी ज्याला हलवून उठवायला लागायचं, तो माणूस पहाट झाली की अंगणात. ओणवा होऊन पानं उचलायचा, मागं बघायचा, कर्दळीच्या बुडाशी डोकावायचा. मी वरून विचारायचो, "काय रे, हरवलं काय?" तो म्हणायचा, "हरवतंय का ते बघतोय!"

अख्खी गल्ली ह्यात होती. दूधवाला "आहे का हो आज?" विचारून पुढे जायचा. धाकट्याची बायको नळावर जावेशी बोलायची, पण फुलांचा विषय आला की दोघींच्या बादल्या एकदम भरायच्या.

मधूनच वाफ्यात सदाफुलीचं एखादं रोप न विचारता उगवायचं. बाई ते दोन बोटांनी उपटायच्या, "उतरा खाली!" म्हणायच्या आणि भिंतीजवळच्या नळाकडे भिरकवायच्या. तिथं धाकटा टेम्पो धुवायला बादली भरायचा आणि कायम चिखल असायचा.

थंडी सरली तशी पिटुनिया पिवळी पडायला लागली. बाईंना वाटलं, पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं. मग वाटलं, जास्त झालं. कमी केलं. खालची पानं सुकली, देठ काडीसारखे झाले, फुलं बारीक होत होत नाहीशी झाली. बाईंनी नवऱ्याला एक शब्द सांगितला नाही. एके दिवशी त्या बसमध्ये बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून, आणि दंतवैद्याच्या बंगल्यापाशी उतरल्या. इतक्या वर्षांत त्या थांब्यावर त्यांचा पाय जमिनीला कधी लागला नव्हता.

वाफा जांभळा होता. पण जवळून बघितलं तर फूलच वेगळं. पान वेगळं, देठ वेगळा. माळी तिथंच माती उकरत होता.

"दादा, ती आधीची कुठं गेली?"

"कुठली आधीची?"

"ती... अशी भोंग्यासारखी, जांभळी."

"ती थंडीतली. ती काढली. आता ही लावली. पावसात आणखी तिसरी येते," माळी म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना जांभळाच रंग पाहिजे, म्हणून दर हंगामाला बदलतो. रस्त्यावरनं कुणाला कळत नाही."

बाई परत आल्या त्या थेट वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. पाय फाकून. सलूनवाल्यांनी दाढीचा फेस गालावर असलेल्या मला तसाच ठेवून खिडकीतून ते पाहिलं आणि म्हणाले, "काहीतरी मोठं बिघडलंय." संध्याकाळी त्यांना सगळं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी, वस्तरा गळ्यावर असताना, मला. वर्षानुवर्षं रोज पाहिलेली गोष्ट, पण प्रत्येक वेळी चार सेकंद, आणि काचेतून! सोळा आणे खात्री बाळगायला एवढं पुरतं, आणि चुकायलाही.

निम्मा वाफा उघडा पडला. आणि नेमकं ऊन तापायला लागलं.

धाकट्यानं हे बघितलं. त्यानं फक्त सिमेंटची पोती आणली आणि नळाजवळच्या भिंतीला लावून, खाली विटा, वर ताडपत्री, अशी रचून ठेवली. म्हणाला, "स्वस्त मिळाली म्हणून आणली." गवंड्यालाही निरोप गेलेला होता. गवंडी माझ्याच गॅलरीखालून जाताना विचारून गेला, "यंदा होतंय ना काम?" आता लोक सकाळी नुसते "आहे का" विचारत नव्हते. "किती आहेत?" विचारत होते.

कर्दळ दमली. एक्झोरानं हात टेकले. जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा पिठ्या ढेकूण लागला, कापूस पिंजल्यासारखा, आणि कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. तगर आणि अबोली तेवढ्या रोज एक-दोन फुलांनी घर चालवत होत्या, त्याही लांबच लांब वाढून मान टाकलेल्या. आत्याबाईंचं "आहे" म्हणणं आता लगेच येत नव्हतं. त्या चूळ तोंडात धरून शोधायच्या. बाई श्वास धरायच्या. मग पचकन् आवाज आणि "आहे" एकदम.

एका दुपारी सलूनवाले कात्री घेऊन अंगणात आले.

"कापायला पाहिजे," ते म्हणाले.

बाईंनी कुंपणाच्या गजावर एक टिचकी मारली. थांबा.

आणि आश्चर्य म्हणजे सलूनवाले थांबले नाहीत. "ऐक. डोक्यात उवा झाल्या तर औषध नंतर, आधी केस कमी करायचे. जास्वंदीचे हे शेंडे गेले पाहिजेत. तगर आणि अबोली म्हाताऱ्या फांद्यांवर जीव काढतायत. कापलं की खालून फुटेल. मी आयुष्यभर हेच बघतोय, कापल्याशिवाय दाट येत नाही."

"आणि आज जी दोन फुलं आहेत ती? ती पण कापणार? उद्या आत्याबाईंना काय दाखवू, तुमची कात्री?"

"अर्धं कापू."

"म्हणजे?"

"निम्म्या फांद्या आज. निम्म्या राहू दे, त्या फुलं देतील. खालून नवी फूट आली, कळ्या धरल्या, की मग उरलेल्या. अर्धं डोकं भादरून गिऱ्हाईक मला रस्त्यावर सोडता येत नाही, पण झाडाला कसली लाज?"

बाईंना हसू आलं नाही. कापलं नाही तर झाडं हळूहळू संपणार. कापलं, आणि उरलेली निम्मी फूट यायच्या आत थकली, तर सगळा खेळ एका सकाळी संपणार. बस घाटात असताना ड्रायव्हरला सल्ला देऊ नये, हे त्यांचंच वाक्य. शेवटी त्यांनी गजावर टिचकी मारली. मग, जरा थांबून, दुसरी.

सलूनवाल्यांनी अशी कात्री चालवली की काय सांगू. प्रत्येक झाडाचा डावा भाग उघडा, उजवा भाग झिपऱ्या. धाकटा कामावरून आला, बघून म्हणाला, "दादा, हे काय, हजेरी अर्ध्या दिवसाची?" पण पाच-सहा दिवसांनी त्यालाच कापलेल्या देठांवर लाल कोंब दिसले, कारण ओणवं होऊन बघणारा तोच. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मी वरून त्याचा चेहरा पाहिला म्हणून मला कळलं.

कोंब वाढले. बारीक कळ्या धरल्या. आणि मग उन्हाची अशी लाट आली की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले. कळ्या तयार व्हायला अजून थोडे दिवस हवे होते, आणि उरलेली निम्मी बाजू तेवढे दिवस द्यायला तयार नव्हती. तगरीची शेवटची फुलं दुपारी करपली. संध्याकाळी सगळ्यांनी बघितलं ते एवढंच: अबोलीच्या कणसावर एक कोमेजत आलेलं फूल आणि जास्वंदीला एक टपोरी कळी, उद्या सकाळी उघडेल अशी. बाईंनी त्या कळीवर ओलं फडकं धरलं. धाकट्यानंही ती कळी बघितली, मग भिंतीला हात लावून ती किती तापलीय ते बघितलं आणि आत गेला.

सकाळी मी गॅलरीत आलो तेव्हा खाली सगळे उभे होते. बाई वाफ्यात, सलूनवाले दारात, आपल्या जागेवर. जास्वंदीची कळी जमिनीवर पडली होती, मिटलेलीच. अबोलीचं फूल कागदासारखं सुकलं होतं. बाईंनी ते बोटानं हलवलं, ते गळून पडलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्या झाडामागून झाडाकडे जात होत्या. पानं उलटत होत्या, कर्दळीच्या बुडाशी बघत होत्या, एक्झोराच्या आत हात घालत होत्या. कुठेच काही नव्हतं. नव्या कळ्या होत्या, शेंड्याशेंड्याला होत्या, हिरव्या, घट्ट. कळी चालत नाही.

दार वाजलं. आत्याबाई तांब्या घेऊन पायरीवर बसल्या. पहिली चूळ भरली.

धाकटा आधीच बाहेर आला होता. पोत्यांवरची ताडपत्री काढलेली होती आणि दोन पोती त्यानं भिंतीपासून ओढून पुढे आणलेली होती. आज काम होणार हे त्याला कालच समजलं होतं. तो नळापाशी उभा होता, खांद्यावरून टॉवेल गुडघ्याखाली सोडलेला.

आत्याबाईंनी पहिली चूळ थुंकली. दुसरी भरली. डोळे वाफ्यावरून फिरत होते, ह्या टोकापासून त्या टोकाला.

"आत्या, जरा सावकाश भर की चूळ," सलूनवाले दारातून म्हणाले. त्यांच्या तोंडून आयुष्यात निघालेली ही सगळ्यात बंडखोर गोष्ट असावी.

आत्याबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. थुंकल्या. तिसरी भरली. रोजच्या तीनच चुळा, गल्लीला पाठ.

बाई वाफ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. शोधायचं संपलं होतं. आता त्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर गेली धाकट्याकडे.

इतके महिने हा माणूस रोज सकाळी ओणवा होऊन पान न पान उलटायचा. आज, जिंकायच्या दिवशी, तो एका जागी खिळल्यासारखा उभा होता. वाफ्याकडे बघत नव्हता. वहिनीकडे बघत नव्हता. आत्याकडेही नाही.

आभाळ बघत होता.

बाई वाफ्यातून बाहेर आल्या. घाई नाही, धावपळ नाही. भरलेल्या गाडीतून वाट काढत यावं तशा, एकेक पाऊल टाकत, त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी गॅलरीच्या कठड्यावर इतका वाकलो होतो की माझी सून मागून शर्ट धरून उभी होती.

"भाऊजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "जरा पुढे सरका."

"कशाला?"

"पुढे जागा आहे. सरका."

"वहिनी, मी इथं..."

"आभाळात काय आहे हो?"

धाकट्याचे कान लाल झाले. आत्याबाईंचा गाल चुळीनं फुगलेला, डोळे आमसुलासारखे बारीक. धाकट्यानं वहिनीकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि एक पाऊल बाजूला झाला.

टॉवेल हलला. त्याच्या पोटरीमागे, पोत्याच्या आणि भिंतीच्या फटीतून मान लांब करून, एक काटकुळं रोप उभं होतं. त्याच्या टोकाला सदाफुलीचं एक गुलाबी फूल. पाच पाकळ्या, पूर्ण उघडलेलं. बाईंनी कधीतरी "उतरा" म्हणून भिरकावलेलं, नळाच्या चिखलात रुजलेलं, पोत्यांमागे दडलेलं. पोती जागची हलवली नसती तर कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

बाई वाकल्या. बोटांनी बुंधा चाचपला. मुळं जमिनीत होती.

आत्याबाईंनी चूळ थुंकली. "आहे," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून धाकट्याला म्हणाल्या, "आणि तू रे? तुझ्या बापानं तुला लपवायला तरी नीट शिकवायचं!"

सलूनवाले दारातून बाहेर आले आणि कुणाला काही न विचारता नळापाशी खाली बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कापलेल्या बाजूची तगर फुटली, मग जास्वंद, मग बाकीची कात्री चालली. वर्ष पुरं झालं. पोती धाकट्यानं एका ओळखीच्याला दिली. टेम्पो रस्त्यावरच असतो, पण बरोबर वाफ्यासमोर, आणि बाई दिवसाचा बराच वेळ वाफ्यात असतात. त्यांच्या नजरेसमोर आरसा काढायला यायचं म्हणजे त्या चोराला आधी आभाळ बघावं लागेल. अजून कुणी आलेला नाही.

सदाफुली नळापाशीच आहे. बाईंनी तिच्याभोवती विटा लावल्या, पण वाफ्यात घेतली नाही. "उभ्यानं येऊ दे," म्हणतात. तिच्या बिया मात्र चहूकडे पडतात आणि बाई आता उपटत नाहीत.

धाकट्याला गल्लीनं सोडलं नाही, मी तर नाहीच. परवा सलूनमध्ये तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. मी म्हटलं, "काय रे, टॉवेल आणलायस ना? झाकायला काही असलं तर?"

"काका, तुम्हाला सांगतो," तो तोंडाला फेस असतानाच म्हणाला, "मी लपवत नव्हतोच. कोवळं फूल, ऊन किती होतं! मी सावली धरून उभा होतो."

नेमक्या त्याच वेळी कंडक्टरबाई नवऱ्याचा डबा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. डबा फळीवर ठेवला.

"ते असू दे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाशी होतं. दोन बोटांचं काम. उपटलं असतंत तर मला कधी कळलंही नसतं. उपटलं नाहीत, म्हणून दंड नाही."

आणि डब्याच्या झाकणावर दोन टिचक्या मारून त्या घरी गेल्या.